अटॅक टाळण्यासाठी चार औषधांची एकच गोळी: कुणाला द्यावी, सुट्या गोळ्यांवरून कशी बदलावी?

मेढा_ओपीडी यांचा प्रश्न

पॉलिपिल, म्हणजे रक्त गोठू न देणारं अ‍ॅस्पिरिन, चरबी उतरवणारं स्टॅटिन आणि बीपीची एक-दोन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये. हिच्याबद्दल नेमकं मार्गदर्शन हवं आहे. तालुक्याच्या ओपीडीत नेहमी दिसणारे तीन प्रकारचे रुग्ण समोर ठेवतो, त्यांच्यावरच बोलू.

पहिला: पुरुष, वय ५८. चौदा महिन्यांपूर्वी अटॅक, एक स्प्रिंग (स्टेंट) बसवलेली. चिठ्ठीवर अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ (हेही रक्त गोठू न देणारं), अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४०, रामिप्रिल ५, मेटोप्रोलॉल ५० आणि मेटफॉर्मिन. उरलेल्या गोळ्या मोजल्या की दिसतं, महिन्यातून आठ-दहा दिवस काही ना काही चुकतंच. सगळ्यात आधी रामिप्रिल सुटतं, कारण "बीपी तर आता नॉर्मल आहे".

दुसरी: बाई, वय ६१. मधुमेह, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. बीपी १५६/९२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३४, बरीच वर्षं मिश्री. अटॅक नाही, पॅरालिसिस नाही, चालताना छातीत भरून येत नाही. बीपीची किंवा चरबीची गोळी आजवर सुरूच झालेली नाही.

तिसरा: पुरुष, वय ७२. सहा वर्षांपूर्वी अटॅक, जुना दमा, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी) १.८.

तिघांनाही "रोज एकच गोळी" सांगावी का? सांगायची तर सुट्या गोळ्यांवरून बदल कसा करायचा, तपासण्या कोणत्या नि कधी? आणि मुख्य शंका अशी की त्यातलं एकच औषध थांबवायची वेळ आली तर काय करायचं?

---

एमडी_लातूर

डॉक्टर, आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पॉलिपिल हे एका औषधाचं नाव नाही. २००३ मध्ये वॉल्ड आणि लॉ यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या गोळीत स्टॅटिन, अर्ध्या डोसची बीपीची तीन औषधं, अ‍ॅस्पिरिन ७५ आणि फॉलिक अ‍ॅसिड असं सहा औषधांचं मिश्रण होतं. आपल्याकडे अहमदाबादच्या कॅडिलाची पॉलिकॅप आली. तिच्यात अ‍ॅस्पिरिन १००, सिम्व्हास्टॅटिन २०, रामिप्रिल ५, अ‍ॅटेनोलॉल ५० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड (लघवीची गोळी) १२.५. युरोपात अटॅकनंतरच्या रुग्णांवर झालेल्या सिक्युअर चाचणीतल्या कॅप्सूलमध्ये मात्र तीनच घटक होते: अ‍ॅस्पिरिन १००, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० किंवा ४०, रामिप्रिल २.५, ५ किंवा १०. म्हणून "पॉलिपिल द्या" ही चिठ्ठी अपुरी आहे. कोणती, किती मिलिग्रॅमची, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमचा पहिला रुग्ण सिक्युअरच्या गटाच्या जवळचा आहे, पण वयाने लहान. त्या चाचणीत ६५ च्या पुढचे जास्त धोक्याचे आणि ७५ च्या पुढचे मिळून २,४९९ रुग्ण होते, अटॅकनंतर सहा महिन्यांच्या आत सुरुवात केलेले. साधारण तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा अटॅक, पॅरालिसिस किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी नेहमीच्या उपचारांत १२.७ टक्क्यांना झालं, कॅप्सूलवर ९.५ टक्क्यांना. औषधं दोन्ही बाजूंना जवळपास तीच होती. फरक पडण्याचं मोठं कारण बहुधा हे, की कॅप्सूलवाल्यांनी ती जास्त नियमाने घेतली.

आता त्याच्या चिठ्ठीकडे बघा. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० चालू आहे. बाजारातल्या बऱ्याच एकत्रित कॅप्सूलमध्ये ते १० किंवा २० असतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतो, हे खरं, पण उलट्या दिशेनेही तोच हिशेब लागतो. औषधाविना एलडीएल १४० असेल तर ४० मिलिग्रॅमवर तो ७० च्या आसपास येतो, १० वर ८७ च्या आसपास अडकतो. अटॅक येऊन गेलेल्याला तो ५५ च्या खाली हवा. म्हणजे सोयीसाठी गोळ्या कमी केल्या आणि नकळत उपचारच सौम्य केला, असं व्हायला नको. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० असलेली कॅप्सूल मिळत नसेल तर कमी डोसची घेऊन समाधान मानू नका. अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची ७५/४० जोडगोळी आणि रामिप्रिल वेगळं, असं करा. पाचाच्या चार गोळ्या झाल्या तरी त्या नेमक्या डोसच्या असाव्यात.

क्लोपिडोग्रेल मात्र कॅप्सूलच्या बाहेरच ठेवा. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन अशी तिहेरी कॅप्सूल आपल्याकडे सर्रास दिली जाते. अडचण अशी की अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन बहुतेकांना जन्मभर, क्लोपिडोग्रेल मात्र मुदतीचं. स्प्रिंग अटॅकमध्ये बसवली असेल तर साधारण बारा महिने, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर त्याहून कमी. तिहेरी कॅप्सूलवर ती मुदत कुठेच दिसत नाही. मग दोनपैकी एक घडतं. एक तर चार-पाच वर्षं क्लोपिडोग्रेल विनाकारण चालू राहतं आणि एक दिवस पोटात रक्तस्राव, काळी शी होऊन रुग्ण दाखल होतो. किंवा कुणीतरी "रक्त पातळ करणारी एक गोळी आता बंद" असं तोंडी सांगतं, रुग्ण अख्खी कॅप्सूल बंद करतो, आणि अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन दोन्ही एका फटक्यात जातात. तुमच्या रुग्णाचे चौदा महिने झालेत. स्प्रिंग बसवणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना आत्ताच विचारा, आणि चालू ठेवायचं ठरलं तर चिठ्ठीवर बंद करण्याची तारीख लिहा.

मेटोप्रोलॉलही वेगळं ठेवा, कारण नाडी बघून त्याचा डोस हलवावा लागतो.

तिसऱ्या रुग्णाला पॉलिपिल नको. दम्यात अ‍ॅटेनोलॉल असलेली चालणार नाही. क्रिएटिनीन १.८ म्हणजे त्या वयात मूत्रपिंडाचं काम (ईजीएफआर) ४० च्या आत आलं, तिथे रामिप्रिल हळूहळू चढवावं लागतं आणि प्रत्येक पायरीला पोटॅशियम बघावं लागतं. ज्याचे डोस सतत हलणार त्याला ठरलेल्या डोसची कॅप्सूल म्हणजे हात बांधून घेणं. सुट्या गोळ्याच द्या.

बदल करायच्या दिवशी रुग्णाला घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा आणि टेबलावर ओता. ब्रँडची नावं बाजूला ठेवून घटक आणि मिलिग्रॅम कागदावर उतरवा, शेजारी नव्या कॅप्सूलचे घटक लिहा. जे दोन्हीकडे आहे त्याच्या जुन्या पट्ट्या तिथेच बाजूला काढा, घरी परत जाऊ देऊ नका. रामिप्रिलवाली कॅप्सूल सुरू केली आणि घरात टेल्मिसार्टन (रामिप्रिलच्याच वाटेने काम करणारं बीपीचं औषध) चालूच राहिलं, ही चूक मी फार गंभीर मानतो. २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत पंचवीस हजारांवर रुग्णांत हीच दोन औषधं एकत्र देऊन पाहिली. फायदा वाढला नाही, चक्कर आणि मूत्रपिंडाचा त्रास वाढला.

तपासण्या: आधी क्रिएटिनीन, पोटॅशियम, सोडियम, एकदा एएलटी (यकृताची तपासणी). रामिप्रिल किंवा लघवीची गोळी नव्याने सुरू होत असेल तर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनीन-पोटॅशियम पुन्हा. क्रिएटिनीन आधीपेक्षा ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून बंद करू नका. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डोस कमी करा किंवा थांबवा, ६ च्या वर गेलं तर त्याच दिवशी बंद करून रुग्णालयात पाठवा. एलडीएल सहा ते आठ आठवड्यांनी. सीके (स्नायूंची तपासणी) नेहमी करायची गरज नाही, मांड्या-दंड दुखायला लागले तरच करा. बीपी बसून घ्याच, पण उभं करून एक आणि तीन मिनिटांनीही घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो रुग्ण रात्री लघवीला उठताना पडणार.

---

काउंटरपलीकडून

मी औषधं देण्याच्या बाजूने लिहितो. चिठ्ठी बरोबर असूनही पुढे काय बिघडतं ते.

कॅप्सूल उघडून पाण्यात घालू नये, गोळी कुटू नये. अ‍ॅस्पिरिन ओलाव्याने फुटतं, त्याचं सॅलिसिलिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल होतं. पट्टी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती वापरू नका. रामिप्रिललाही ओलावा सोसत नाही. ही औषधं एकत्र दाबली तर एकमेकांना खराब करतात, म्हणून चांगल्या कॅप्सूलमध्ये आत वेगवेगळ्या लेप दिलेल्या छोट्या गोळ्या असतात. कॅप्सूल हलवल्यावर आत खुळखुळतं ते यामुळेच. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी पॉलिपिल हा पर्याय नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात महिन्याच्या गोळ्या काढून डब्यात भरू नका. आठवड्याचा डबा ठीक आहे, तोही पट्टीचे चौकोन कात्रीने कापून, गोळी पट्टीतच ठेवून. कापताना नाव आणि मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत राहील असं कापायचं. हा तुकडा आधी गेला की पुढच्या वेळी रुग्ण नुसता रंग सांगतो, "ती लाल-पांढरी द्या", आणि लाल-पांढऱ्या कॅप्सूल दुकानात दहा प्रकारच्या आहेत.

नावापुढचे आकडे नीट वाचायला शिकवा. ७५/२० म्हणजे अ‍ॅस्पिरिन ७५, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २०. साठा संपला की ७५/१० दिली जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. डोस चिठ्ठीवर अंकांत आणि शब्दांत असा दोन्ही लिहिलेला असेल तर ही अदलाबदल थांबते.

पट्टी १० ची की १५ ची तेही बघा. चिठ्ठीवर "एक महिना" असेल आणि १५ ची एकच पट्टी उरली असेल तर रुग्ण पंधरा दिवसांच्या घेऊन जातो आणि नंतर येतो किंवा येत नाही. सुट्या गोळ्यांत असं झालं की एखादं औषध चुकतं. पॉलिपिलमध्ये सगळी एकाच दिवशी बंद पडतात. तिच्यात अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर अचानक खंड पडल्यावर छातीत धडधड, बीपी उसळणं, जुना छातीचा त्रास उलटणं हे सगळं होऊ शकतं. पाच दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन घ्यायच्या, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. आणि काल चुकली म्हणून आज दोन घ्यायच्या नाहीत.

काउंटरवर ज्यावर मी सगळ्यात जास्त लक्ष ठेवतो ते इट्राकोनॅझोल. गजकर्ण-नायट्याच्या साथीमुळे ते आता जागोजागी दिलं जातं, चार-चार आठवडे. सिम्व्हास्टॅटिन असलेल्या पॉलिपिलबरोबर ते मुळीच चालत नाही, स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढून स्नायू विरघळतात आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनबरोबर द्यावंच लागलं तर स्टॅटिन २० च्या वर नको. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. बीपीचं अम्लोडिपीन चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन २० च्या पुढे जाऊ नये. त्वचेचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, आणि दोघांच्या चिठ्ठ्या एकत्र फक्त औषध देणाऱ्याच्या हातात येतात.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मागणाऱ्याला आधी विचारा, बीपीची गोळी कोणती. रामिप्रिल, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामकं असं तिन्ही मिळून मूत्रपिंडाला मारतात. शिवाय आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनचं काम अडवतं. पॅरासिटामॉल द्या. "बीपीवाल्यांसाठीचं" म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठही विचारा. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, रामिप्रिलबरोबर पोटॅशियम चढतं.

---

जनरल_प्रॅक्टिस_सांगली

दुसऱ्या रुग्णाबद्दल कुणी बोललं नाही. टिप्स-३ चाचणीत हृदयविकार नसलेल्यांनाच गोळी दिली होती, आणि त्यातले जवळजवळ निम्मे आपल्या देशातले. पॉलिपिल आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांत अटॅक-पॅरालिसिससारख्या घटना ५.८ टक्क्यांवरून ४.१ वर आल्या, म्हणजे जवळपास ३१ टक्के कमी. मग मधुमेह, बीपी आणि मिश्री असलेल्या या बाईंना अ‍ॅस्पिरिनसकट पॉलिपिल का देऊ नये? इतका धोका असताना मागे राहण्यात अर्थ नाही.

---

प्रतिबंध_हृदय

सर, आकडे बरोबर आहेत, पण त्याच चाचणीतली पुढची ओळही वाचायला हवी. अ‍ॅस्पिरिन एकट्याने दिलं तेव्हा घट १४ टक्के दिसली आणि ती योगायोगही असू शकेल इतकी कच्ची होती. अ‍ॅस्पिरिन नसलेल्या पॉलिपिलने ५.५ वरून ४.४ झालं. म्हणजे ओझ्याचा मोठा भाग स्टॅटिन आणि बीपीच्या औषधांनीच उचलला. २०१८ मध्ये अटॅक न आलेल्यांवरच्या अ‍ॅस्पिरिनच्या तीन मोठ्या चाचण्या आल्या, अ‍ॅस्प्री, अराइव्ह आणि अ‍ॅसेंड. मधुमेहींवरची अ‍ॅसेंड बघा. थोडा फायदा झाला, पण मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच वाढला. अ‍ॅस्प्रीत सत्तरीच्या पुढच्यांना फायदा नव्हताच. ६१ वर्षांच्या बाईंना, पोटाचा पूर्वेतिहास माहीत नसताना, कॅप्सूलमध्ये आहे म्हणून अ‍ॅस्पिरिन द्यायचं हे मला पटत नाही. अटॅक किंवा पॅरालिसिस होऊन गेलेल्यांना मात्र अ‍ॅस्पिरिन हवंच, तिथे हा वाद नाही.

पॉलिकॅपसारखी कॅप्सूल त्यांना नको याला आणखी दोन कारणं आहेत. तिच्यात अ‍ॅटेनोलॉल आहे आणि बाई ग्लिमेपिराइडवर आहेत. साखर उतरली की हात थरथरणं, धडधडणं या खुणा अ‍ॅटेनोलॉल झाकून टाकतं. घाम तेवढा येत राहतो. अशा रुग्णाला अ‍ॅटेनोलॉल द्यायचीच वेळ आली तर "अचानक गार घाम आला की आधी साखर खा, मग तपासा" एवढं शिकवल्याशिवाय देऊ नका.

दुसरं कारण बीपीचा आकडा. २००९ च्या टिप्स चाचणीत, आपल्याच देशातल्या २,०५३ जणांवर, पॉलिकॅपने बीपी सरासरी ७.४/५.६ ने उतरलं आणि एलडीएल साधारण २७ मिलिग्रॅमने. त्या लोकांचं बीपी मुळात फार चढलेलं नव्हतं, हे धरूनही बाईंचं १५६ त्याने १३० वर येईल असं समजू नका. पॉलिपिल दिली म्हणून बीपी मोजणं थांबलं, हे मी पुन्हा पुन्हा बघतो आहे आणि त्याचं वाईट वाटतं.

माझा आराखडा असा. टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपीन ५ एका गोळीत, सकाळी. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० वेगळं, कोणत्याही ठरलेल्या वेळी. दोनच गोळ्या. महिन्याने बीपी १३०/८० च्या वर असेल तर टेल्मिसार्टन ८०, मग क्लोरथॅलिडोन (लघवीची गोळी) १२.५ जोडा. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत पॉलिपिल घेतल्या तेव्हा अ‍ॅस्पिरिन नसलेली एक त्यात होती: अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, पेरिंडोप्रिल आणि अम्लोडिपीन. अटॅक न आलेल्या बहुतेकांना ही धाटणी योग्य. ती मिळत नसेल तर वरच्या दोन गोळ्या तेच काम करतात.

मिश्री. तंबाखू सोडवणं हे त्यांच्या यादीत गोळीच्या आधी यायला हवं. मिश्री दात घासण्याचं साधन मानली जाते, त्यामुळे "तंबाखू खाता का" या प्रश्नाला त्या नाही म्हणतात. मिश्री, तपकीर, मशेरी अशी नावं घेऊन विचारा.

धोका मोजायचा तर जागतिक आरोग्य संघटनेचे दक्षिण आशियासाठीचे तक्ते वापरा. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नसला तरी उंची-वजनावर चालणारा तक्ता त्यांच्यात आहे. मधुमेह आणि चाळिशीच्या पुढचं वय असेल तर स्टॅटिनसाठी तक्त्याचीही वाट पाहायची नाही.

---

एमडी_लातूर

पूर्ण सहमत. फक्त एक भर घालतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पॉलिपिल कुणालाच नको. अंपायर चाचणीत, २,००४ रुग्ण, त्यातले निम्मे भारतातले, पॉलिपिलवर औषधं नियमित घेणारे ८६ टक्के राहिले, नेहमीच्या उपचारांवर ६५ टक्के. बीपीत सरासरी फरक अवघा २.६. पण जे आधीपासूनच गोळ्या चुकवत होते त्यांच्यात नियमितपणा पॉलिपिलवर ७७ टक्के, नेहमीच्या उपचारांवर २३ टक्के असा होता. जो नेमाने पाच गोळ्या घेतो त्याला बदलून फार काही मिळत नाही. ज्याच्या पिशवीत तीन पट्ट्या भरलेल्या परत येतात, त्याला मिळतं.

इराणच्या गोलेस्तान प्रांतातली पॉलिइराण चाचणीही बघा. खेड्यापाड्यांतल्या ६,८३८ जणांपैकी साधारण निम्म्यांना पाच वर्षं गोळी दिली. मोठ्या घटना ८.८ टक्क्यांवरून ५.९ वर आल्या. आणि ते खेडं आपल्या खेड्यापेक्षा फार वेगळं नाही. २०११ च्या प्युअर अभ्यासात गरीब देशांतले, आपण धरून, अटॅक किंवा पॅरालिसिस झालेले ८० टक्के रुग्ण यातलं एकही औषध घेत नव्हते. डोस थोडा कमी-जास्त असण्याची चर्चा यांच्यासाठी नाही. काहीच न घेणाऱ्याला तीन घटकांची स्वस्त कॅप्सूल रोज मिळाली तरी त्याचं आयुष्य वाढतं.

---

मेढा_ओपीडी

सगळ्यांचे आभार. पहिल्या रुग्णासाठी मार्ग स्पष्ट झाला: क्लोपिडोग्रेल आणि मेटोप्रोलॉल बाहेर, बाकीचं एकत्र. दोन शंका उरल्या. रामिप्रिलने खोकला सुरू झाला तर? आणि उलट्या-जुलाब, डेंगू, दाढ काढणं, अशा वेळी कॅप्सूलमधलं एकच औषध थांबवायचं कसं? आमच्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर डेंगूचे रुग्ण सतत असतात.

---

प्रतिबंध_हृदय

खोकला कोरडा, घशात खवखव, पडल्यावर जास्त, सुरू केल्यापासून काही दिवसांत किंवा काही महिन्यांनीही येतो. आपल्या लोकांत तो पाश्चात्त्यांपेक्षा जास्त. कफ सिरपने जात नाही. औषध बंद केल्यावर एक ते चार आठवड्यांत जातो. एखाद्याला तीन महिनेही लागतात, तेवढ्यात "गोळीचा संबंध नव्हता" असा निष्कर्ष काढू नका. रामिप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन येणार, म्हणजे ती कॅप्सूल गेली. अ‍ॅस्पिरिन-स्टॅटिनची जोडगोळी आणि टेल्मिसार्टन वेगळं. पॉलिइराणमध्ये याच कारणासाठी दोन गोळ्या तयार ठेवल्या होत्या: नेहमीची एनालाप्रिल ५ ची, आणि खोकला येणाऱ्यांसाठी व्हल्सार्टन ४० ची. ओठ किंवा जीभ सुजली तर गोष्ट वेगळी. ती तातडीची अवस्था, ती गोळी पुन्हा कधीच नाही, आणि चिठ्ठीवर लाल शाईत लिहा.

उलट्या-जुलाब लागले, पाणी पोटात टिकत नाही, तर रामिप्रिल आणि लघवीची गोळी थांबवायची, मेटफॉर्मिनही. जुलाब थांबून जेवणखाण नीट झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा सुरू. कॅप्सूलमध्ये सगळं एकत्र आहे, म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णाकडे सुट्या अ‍ॅस्पिरिनची एक पट्टी देऊन ठेवा. आजारपणात कॅप्सूल बंद, सुटं अ‍ॅस्पिरिन चालू. स्टॅटिन चार दिवस चुकल्याने काही बिघडत नाही. कॅप्सूलमध्ये अ‍ॅटेनोलॉल असेल तर नाडी आणि बीपी बघून त्याचा वेगळा विचार करावा लागतो.

डेंगूत हिशेब उलटा होतो. तिथे सुटं अ‍ॅस्पिरिनही घरच्या घरी घ्यायचं नाही, कारण अडचण रक्तस्रावाची आहे, आणि बीपीची गोळीही घातक, कारण रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी आधीच खाली येतं. ताप येऊन दुसरा-तिसरा दिवस आणि अंग ठणकतंय, तर कॅप्सूल हातात घेऊन दवाखान्यात यावं, प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते) बघावं. अ‍ॅस्पिरिन थांबवायचं की नाही हे प्लेटलेट किती उतरल्या, कुठून रक्त येतंय का, आणि स्प्रिंग किती जुनी, यावर ठरतं. काही महिन्यांपूर्वीचीच स्प्रिंग असेल तर तुम्ही एकट्याने ठरवू नका, हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. तिथे दोन्ही बाजूंना जिवाचा प्रश्न आहे.

दाढ काढायला अ‍ॅस्पिरिन सहसा थांबवावं लागत नाही, दाबून आणि टाका घालून रक्त थांबतं. दंतवैद्यांनी सरसकट "पाच दिवस रक्त पातळ करणारी गोळी बंद" सांगितलं आणि रुग्णाने पॉलिपिल बंद केली, तर पाच दिवस सगळंच बंद. रुग्णाच्या हातात चिठ्ठीबरोबर दोन ओळी देऊन पाठवा: या कॅप्सूलमध्ये कोणती औषधं आहेत, आणि न विचारता थांबवू नये.

---

एनसीडी_सिस्टर

डॉक्टर, मी एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकच्या कार्डाबद्दल सांगते, त्याने बरंच सुटतं. पॉलिपिलवरच्या रुग्णाचं कार्ड वेगळ्या रंगाचं करावं. पहिल्या पानावर कॅप्सूलमधली औषधं मराठीत, त्यांच्या कामासकट: "रक्त गोठू न देणारी, चरबीची, बीपीची." ब्रँडचं नाव खाली लहान अक्षरात, कारण ते दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं. त्याखाली स्प्रिंग बसवल्याची तारीख आणि क्लोपिडोग्रेल बंद करायची तारीख.

मागच्या बाजूला तीन रकाने: कॅप्सूल का थांबवली, कुणी, कोणत्या तारखेला. आणि चौथा रकाना, पुन्हा सुरू केल्याची तारीख. जुलाबासाठी थांबवलेली कॅप्सूल महिनाभर बंदच राहिलेली आहे, हे त्या चौथ्या रिकाम्या चौकोनामुळेच कळतं. चौकोन रिकामा दिसला की आशाताईंकडे निरोप द्यायचा, त्या घरी जाऊन पट्टी बघून येतात.

दर वेळी रुग्णाने रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या. "घेता का" विचारलं तर सगळेच हो म्हणतात. तीस दिवसांत किती चौकोन फुटलेत ते मोजायचं आणि कार्डावर लिहायचं. चोविसाच्या खाली गेलं तर डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी ते बघावं, कारण न घेतलेल्या औषधाचा डोस वाढवला तर ज्या दिवशी घेतील त्या दिवशी चक्कर येऊन पडतील.

आणि पाळी चालू असलेल्या बाईला रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्टॅटिन असलेली कॅप्सूल देताना शेवटच्या पाळीची तारीख विचारून कार्डावर लिहावी. ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. चाळिशीतल्या बायकांना हे कुणी विचारत नाही.